हातचा

नववीतल्या सहामाहीचा गणिताचा पेपर. सात प्रश्न, सातांचे मार्क समासात लाल शाईने लिहिलेले: ९, १२, ११, ८, १३, १०, ८. खाली आडवी रेघ, रेघेखाली ६१, आणि ६१ भोवती गोल. पेपरवर पालकांची सही आणायची होती. बाबांनी नेहमीसारखे आधी हात धुतले, कोरडे केले, मग पेपर घेतला. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. शिशाचा काळेपणा नखांच्या कडांत कायमचा मुरलेला, तो काही धुऊन जायचा नाही. तरी शाळेच्या कागदाला हात लावायचा म्हणजे हात धुवायचे, हा त्यांचा नियम. त्यांची नजर समासातून खाली उतरली. ओठ हलले. ६१ वर येऊन थांबली, पुन्हा वर गेली.

"एकाहत्तर होतायत," ते म्हणाले. "एककाचे एकतीस. हातचे तीन. मास्तरांनी दोनच धरलेत."

दहा मार्क! मी जागेवरून उठलोच. "उद्या सांगू सरांना?"

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "राहू दे. त्यांनी काही बघूनच केलं असेल." पेपर घेऊन ते खिडकीपाशी उजेडात गेले, सही केली, घडी घालून माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझ्या पुढच्या बाकावरचा मुलगा उठला. त्याचे वडील कॉलेजात शिकवायचे, आईही कुठेशी अधिकारी होती. "सर, चौथ्या प्रश्नात माझा अर्धा मार्क धरायचा राहिलाय." सरांनी पेपर मागवला, पाहिला, अर्धा वाढवला आणि "लक्ष आहे हां तुझं" म्हणाले. मी माझ्या पेपरची आणखी एक घडी घातली. त्याचा राग आला नाही. आगाऊ आहे, एवढंच वाटलं.

गणिताच्या मास्तरांची बेरीज चुकावी, यातली गंमत तेव्हा कळली नाही. पुढे मी स्वतः आकड्यांवरच पोट भरलं, सांख्यिकी शिकवायला लागलो. हा किस्सा मित्रांमध्ये बरीच वर्षं सांगायचो आणि शेवटी जोडायचो, "मी मुळातच बुजरा." स्वभावाला औषध नाही म्हणतात, त्यामुळे विषय तिथंच मिटायचा. हा स्वभाव होता की कुणी शिकवलेला धडा, हा प्रश्न पडायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

बाबांचं काम जरा समजावून सांगतो, कारण आता ते काम उरलेलं नाही. डाव्या हातात स्टिक, म्हणजे धातूची एक छोटी पट्टीवजा तबकडी. उजवा हात समोरच्या केसच्या खान्यांमधून एकेक खिळा उचलणार. खिळ्यावरचं अक्षर आरशात दिसावं तसं उलटं, आणि ओळही उलटी लावायची. बाबा ते उलटं जग सुलट्यापेक्षा भराभर वाचायचे. ऱ्हस्व वेलांटीच्या जागी दीर्घ आली की डोळ्यांआधी बोट थांबायचं. लेखकाच्या हस्तलिखिताला 'कॉपी' म्हणत; तिच्यातल्या चुकाही त्यांना दिसत. एका इतिहासाच्या पुस्तकात कुठल्याशा राजाचं मृत्यूचं साल त्याच्या जन्माच्या आधीचं पडलं होतं. रात्री घरी येऊन त्यांनी ते हसत सांगितलं. मी विचारलं, "मग दुरुस्त केलंत ना?"

"छे. कॉपीत आहे तसं लावायचं."

धंद्याचा नियमच तो. आपल्या अकलेनं दुरुस्ती केली आणि लेखकाला ती नको असली, तर ओळ पुन्हा लावण्याचा वेळ आपला जाणार. चूक तशीच ठेवली तर कुणी बोट दाखवू शकत नाही. "कॉपी बघा" म्हणता येतं. मक्षिकास्थाने मक्षिका म्हणून आपण हसतो. पण ज्याचा रोज कापला जाऊ शकतो, त्याच्यासाठी ती मेलेली माशी म्हणजे विमा असतो. या नियमावर बाबांनी तीसेक वर्षं अब्रूनं काढली. आपल्याजवळची सगळ्यात खात्रीची गोष्ट माणूस मुलाला देतो, तशी त्यांनी ती मला दिली. मास्तरांनी लिहिलेलं ६१ ही कॉपी होती.

मेल्विन कोन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं काम वाचताना मला हे सगळं आठवलं. १९५० च्या दशकात कोन यांनी वॉशिंग्टन शहरातल्या आईवडिलांना एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली: तुमच्या मुलामध्ये कोणते गुण असावेत असं तुम्हाला वाटतं? १९६९ मध्ये त्यांचा ग्रंथ आला, तोवर हा प्रश्न इटलीतल्या तुरीनमध्ये आणि नंतर अख्ख्या अमेरिकेतल्या नमुन्यावर विचारून झाला होता. उत्तरांमधून एक जोडणी पुन्हा पुन्हा वर येत होती. ज्यांना नोकरीत स्वतः निर्णय घ्यावे लागत, ते मुलांमध्ये जिज्ञासा आणि स्वतःच्या बुद्धीनं चालणं शोधत. ज्यांची नोकरी सांगितलं तसं करण्यावर टिकून असे, ते आज्ञाधारकपणा आणि स्वच्छता, टापटीप मागत. कामाचे तीन पैलू कोन यांनी तपासले: देखरेख किती जवळून होते, काम किती गुंतागुंतीचं आहे आणि किती तेच ते आहे. पुढे पोलिश सहकाऱ्यांबरोबर समाजवादी पोलंडमध्ये पाहिलं, तर राज्यव्यवस्था वेगळी असूनही जोडणी तीच निघाली.

हे तिन्ही पैलू मी बाबांना लावून पाहिले. काम गुंतागुंतीचं होतं, त्याला डोकं लागायचं. देखरेख मात्र मानेवर बसलेली. आणि टापटिपीचं म्हणाल तर, ते धुतलेले हात.

कोन यांच्याकडून मी एवढं घेतलं की आईबाप मुलांना जगाबद्दल खोटं सांगत नाहीत. त्यांना जे जग भेटलं, त्यात तगून कसं राहायचं ते शिकवतात. मूल ज्या वर्गात, ज्या कचेरीत, ज्या मुलाखतीच्या खोलीत जाऊन बसणार असतं, तिथले नियम वेगळे असतात, आणि ते घरी कुणालाच ठाऊक नसतात.

स्टाफरूममध्ये अशा मुलांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" म्हण मोठी सोयीची आहे. मला ती आमच्या घराला लावून पाहायची असते आणि ती बसत नाही. आमच्या आडात पाणी होतं. घरात रद्द झालेल्या प्रुफांचे गठ्ठे असत. पाठकोऱ्या कागदांवर आम्ही गणितं सोडवायचो आणि छापील बाजू वाचायचो. वैद्यकाचं अर्धं प्रकरण, कायद्याच्या टीकेची चार पानं, कुणाच्या कवितांचा शेवटचा फर्मा. शब्दांची ददात कधीच नव्हती. कमी होतं ते काहीतरी निराळंच, आणि त्याला नाव द्यायचं तर मला बाबांचाच शब्द सुचतो. हातचा. आधीच्या घरातून पुढच्या घरात येणारा आकडा. उत्तरात तो कुठंच लिहिलेला नसतो, फार तर कोपऱ्यात बारीक टिपलेला किंवा नुसता डोक्यात असतो. पण तो धरला की नाही, यावर दशकाचं घर ठरतं.

१९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल अमेरिकेच्या सरकारला सादर झाला. सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी होती ती. शाळेच्या इमारती, प्रयोगशाळा, खर्च यांतल्या फरकांपेक्षा मुलांच्या घरच्या परिस्थितीतल्या फरकांशी त्यांच्या गुणांचा जास्त संबंध दिसतो, असं त्यात निघालं. लोकांनी त्याचा अर्थ काढला की शाळेनं काही फरक पडत नाही. सांख्यिकी शिकवणाऱ्याला इथं बोलल्यावाचून राहवत नाही. सगळी माणसं साधारण सारख्याच उंचीच्या शिड्यांवर उभी असतील, तर डोक्यांच्या उंचीतला फरक माणसांच्या उंचीमुळेच आहे असं दिसणार. म्हणून शिड्या निरुपयोगी ठरत नाहीत. शिडीचं महत्त्व बघायचं तर शिडी बदलून बघावी लागते. फिनलंडनं ती बदलली. १९७२ ते १९७७ या काळात तिथं अकराव्या वर्षी मुलांची दोन वाटांवर विभागणी करण्याची पद्धत मोडली गेली आणि सोळाव्या वर्षापर्यंत सगळ्यांना एकच शाळा आली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की बापाच्या आणि मुलाच्या कमाईतलं नातं त्यामुळे जवळजवळ पावपट सैल झालं. अकराव्या वर्षी कुठली वाट धरायची हे मूल कुठं ठरवतं, घरच ठरवतं. तो निर्णय पाच वर्षं पुढं ढकलला, तर घराचा हात तेवढा ढिला पडला.

कोलमन अहवालातली आणखी एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. 'माझं काय होणार हे माझ्या हातात आहे' असं मुलाला वाटतं की नाही, याचा त्याच्या गुणांशी असलेला संबंध शाळेच्या सगळ्या घटकांपेक्षा बळकट निघाला होता. दहा मार्क हातचे जाताना मला जे वाटलं नाही, ते हेच.

आता माझ्या केबिनच्या दाराविषयी. निकालानंतरच्या आठवड्यात तिथं मुलं येतात. "सर, एक मिनिट?" वीस-बावीस वर्षं मी ती येताना बघतोय. नोंद ठेवलेली नाही, त्यामुळे टक्केवारी सांगण्याचा मला अधिकार नाही, पण चेहरे आठवतात. जे येतात त्यांतल्या बहुतेकांच्या घरी आधी कुणीतरी कॉलेज पाहिलेलं असतं. ते भांडायला येत नाहीत. चौकटीला किंचित टेकून, हसत, "हे उत्तर असंही लिहिता येईल ना?" असं म्हणतात. कधी ते खरंच बरोबर असतात. कधी नुसता खडा टाकून बघत असतात, आणि मी, पुढचा तास गाठायचा असतो म्हणून, एखादा मार्क देऊन टाकतो. जे येत नाहीत ते मला कॉरिडॉरमध्ये दिसतात. मी समोरून आलो की भिंतीला लागून उभे राहतात.

मी त्या भिंतीपाशी उभा राहिलेला मुलगा. तरी दाराशी आलेल्यांना वाढवून देत राहिलो, भिंतीकडे पाहिलं नाही. याहून लागणारी गोष्ट शिफारसपत्रांची. 'जिज्ञासू', 'पुढाकार घेणारा', 'संवादकुशल' ही विशेषणं मी कुणासाठी लिहिली? ज्यांना ओळखत होतो त्यांच्यासाठी. आणि ओळखत कुणाला होतो, तर जे दाराशी आले त्यांना. अर्ध्या मार्कासाठी आलेला मुलगा जाताना नकळत पुढच्या नोकरीचं पत्र घेऊन गेला होता.

जेसिका कॅलार्को या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत बसून हेच पाहिलं, तिसरीपासून पाचवीपर्यंत त्याच मुलांबरोबर. सुशिक्षित, मध्यमवर्गीय घरातली मुलं अडलं की हात हलवायची, मधेच उठून बाईंपाशी जायची. कष्टकरी घरातली मुलं थांबून राहायची, बाईंना त्रास नको म्हणून. बाई मदत करायच्या, पण अर्थात मागणाऱ्याला. कॅलार्को मग घरी गेल्या. एका घरात मुलाला सांगितलं जात होतं की अडलं तर विचार, बाई त्यासाठीच आहेत. दुसऱ्या घरात सांगत होते, आपलं आपण बघावं, बाईंच्या मागे लागू नये. दोन्ही घरं मुलाला चांगलं वळणच लावत होती, हे मला त्या अभ्यासातलं सगळ्यात अवघड पान वाटलं. दुसऱ्या घराला कोणी बेजबाबदार म्हणावं? वर्गात सगळ्यांनीच पहिल्या घरासारखं केलं तर तास होईल का? शाळा बक्षीस देते ते पहिल्याला आणि कौतुक करते दुसऱ्याचं. शिस्तीचं प्रशस्तिपत्र मला दरवर्षी मिळायचं.

माझी मुलगी सातवीत असताना एकदा सहज म्हणाली, "बाबा, सायन्सचे दोन वाढले."

"कसे?"

"मागितले."

"उत्तर बरोबर होतं?"

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "अर्धं."

म्हणजे हातचे एक असताना दोन धरले गेले. मी तिला रागावलो नाही आणि शाबासकीही दिली नाही. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला. आणि त्या हेव्याच्या मागोमाग असं आलं की आता तिच्या मागच्या बाकावर कुणीतरी घडी घालत बसलेलं असणार. पुढच्या बाकावरचा तो आगाऊ मुलगा आता आमच्या घरात जन्मला होता. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेनं २०१८ मध्ये एक अंदाज मांडला होता: तळाच्या उत्पन्नगटातल्या कुटुंबाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला सदस्य देशांमध्ये सरासरी ४ ते ५ पिढ्या लागतील, डेन्मार्कमध्ये २, कोलंबियात ११. आमच्या घरात उत्पन्नाचं काम दोन पिढ्यांत झालं. विचारायला मात्र तिसरी लागली.

विचारण्याचं मी इतकं लावून धरलंय, पण घराकडून मिळणारा याहून मोठा हातचा म्हणजे चुकायची मुभा. माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलानं अभ्यासक्रम तीनदा बदलला. सहकारी म्हणायचा, "स्वतःला शोधतोय." शोधला त्यानं शेवटी, आता छान चाललंय. त्याच सुमारास माझी एक विद्यार्थिनी, वर्गातल्या पहिल्या पाचांतली, आईच्या आजारपणात एक सत्र चुकली. पुढच्या सत्राला तिचं नाव हजेरीपटात नव्हतं. एकाच्या बाबतीत त्या काळाला आपण शोध म्हणतो, दुसरीच्या बाबतीत वर्ष वाया गेलं म्हणतो, आणि वाया गेलेल्या वर्षानंतर दुसरं वर्ष नसतंच. अ‍ॅबिगेल मॅकनाइट यांनी ब्रिटनमध्ये १९७० साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा माग काढला. २०१५ मधल्या त्यांच्या अहवालानुसार, पाचव्या वर्षीच्या चाचणीत मागे पडलेल्या सुखवस्तू घरच्या मुलांची मोठेपणी भरपूर कमावण्याची शक्यता, चाचणीत पुढे असलेल्या गरीब घरच्या मुलांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त निघाली. काचेचं छत आपल्याला माहीत आहे. ही पायाखालची काच. वरच्या मजल्यावरचं मूल घसरलं तरी खाली पडत नाही, आणि खालच्याला ती काच छत म्हणूनच लागते. ओळखीपाळखी, योग्य वेळी टाकलेला एक फोन, पुन्हा परीक्षेला बसायची फी, शहर बदलायची ऐपत, हे सगळं त्या काचेतच येतं. त्यावर फार लिहीत नाही. ज्याच्याकडे ते नसतं त्याला ते पाठच असतं.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी थांबलो, कारण हे सगळं मी स्वतःला बिनहातच्याचा धरून लिहीत होतो. तसा हिशेब खोटा ठरतो. आमच्या घरात ताई होती.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. गणितात माझ्यापेक्षा चलाख. बाबांच्या आधी बेरीज सांगायची. ती बारावीत असताना बाबांच्या छापखान्यात ऑफसेट आलं आणि हातानं जुळवायचं काम सरत गेलं. बाबांचे तास निम्म्यावर आले. ताई टायपिंग शिकली आणि एका कचेरीत लागली. "मला कुठं अभ्यासाची आवड होती," हे ती आज इतकी वर्षं सांगते. ते खोटं आहे हे मला माहीत आहे, आणि मी ते मानून घेतलं कारण ते सोयीचं होतं. माझी फी तिच्या पगारातून जायची. आणि फीपेक्षाही, कुठला अर्ज कुठे मिळतो, शेवटची तारीख कधी, सवलतीसाठी कोणता दाखला जोडायचा, खिडकीवरच्या माणसानं "उद्या या" म्हटलं तर आज कसं करून घ्यायचं, हे तिनं कचेरीत शिकून घेतलं होतं. माझे सगळे अर्ज तिनं भरले. कॉपीत आहे तसं लावायची तिला मुभाच नव्हती. साहेब विसरलेलं तिला आठवून द्यावं लागायचं.

प्रवेशअर्जावर पालकांचं शिक्षण, पालकांचा व्यवसाय असे रकाने असतात. संशोधक तेच रकाने घेऊन आमच्यासारख्या घरांची सरासरी काढतात, मीही वर्गात काढून दाखवतो. त्या रकान्यांवरून ताई आणि मी हुबेहूब सारखे. एकच घर, तेच आईबाप, त्याच पाठकोऱ्या वह्या. ती बारावी, मी पीएचडी. घर मुलांना घडवतं म्हणताना आपण हे विसरतो की घरालाही कधीकधी एका मुलाच्या घरातून उचलून दुसऱ्याच्या घरात आकडा न्यावा लागतो.

अर्ज भरणारं कुणी नसेल तर काय होतं, हे २००८ मध्ये अमेरिकेत मोजून झालंय. प्राप्तिकराचे अर्ज भरून देणाऱ्या कार्यालयांत येणाऱ्या साध्या उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या काहींना तिथंच, दहाएक मिनिटांत, कॉलेजच्या अर्थसाहाय्याचा अर्जही भरून दिला गेला. काहींना नुसती माहिती दिली. ज्यांचा अर्ज भरून दिला, त्यांच्यातल्या शाळा संपवणाऱ्या मुलांपैकी कॉलेजची दोन वर्षं पुरी करणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. नुसत्या माहितीनं काहीच हललं नाही. समुपदेशनाचे फलक लावून समाधान मानणाऱ्या आम्हा लोकांनी हे वाक्य दोनदा वाचायला हवं.

सुसान डायनार्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशिगन विद्यापीठात केलेला प्रयोग तर मला गोष्टीसारखा वाटतो. राज्यातल्या कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांना एक मोठं, रंगीत पाकीट पाठवलं. प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, त्यासाठी उत्पन्नाचे कागद पुन्हा दाखवायची गरज नाही, असं वचन. गंमत म्हणजे यांतल्या बहुतेकांना अर्ज केला असता तर एवढी मदत एरवीही मिळालीच असती. पैसा जवळपास तोच होता. पाकीट न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी विद्यापीठाकडे अर्ज केला, मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. 'मागा, बहुधा मिळेल' आणि 'तुमचंच आहे, घेऊन जा' यांतलं हे अंतर.

आणि तिसरं उदाहरण फ्लॉरिडातल्या ब्रॉवर्ड कौंटीचं. तिथं विशेष हुशार मुलांचे वेगळे वर्ग होते आणि त्यांची निवड शिक्षकांच्या किंवा पालकांच्या शिफारशीवर सुरू व्हायची. २००५ मध्ये त्यांनी ठरवलं की दुसरीतल्या प्रत्येक मुलाची चाचणी घ्यायची, कुणी सुचवो न सुचवो. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलिआनो यांनी त्याचा अभ्यास केला. गरीब, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक घरांतली मुलं त्या वर्गांमध्ये एकदम कितीतरी जास्त दिसू लागली. ती हुशारी आदल्या वर्षीही त्या बाकांवर बसलेली होतीच. पुढे मंदीत पैसे कमी पडले, सरसकट चाचणी बंद झाली, आणि जुनी दरी परत आली. आडाचं पाणी तेच, पोहरे तेच. दोर मात्र कधी सगळ्यांना पुरतो, कधी नाही.

माझ्या वर्गात मी दोन गोष्टी बदलल्या, दोन्ही किरकोळ. पेपर परत देण्याआधी प्रत्येकाची बेरीज एक सहकारी पुन्हा करतो, मी त्याच्या पेपरांची करतो. आणि प्रत्येक विद्यार्थ्यानं सत्रात एकदा, हजेरीपटाच्या क्रमानं, पाच मिनिटं केबिनमध्ये येऊन बसायचं. काम असो नसो. सहकारी याला हजेरीचा छळ म्हणतात. पहिल्या सत्रात तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला, उभाच राहिला. "मला काही विचारायचं नाही, सर." म्हटलं, बस. बसला. आम्ही दोघं पंख्याचा आवाज ऐकत होतो. पाच मिनिटं झाली तसा उठला, दारापर्यंत गेला आणि वळला.

"सर, लायब्ररीतलं पुस्तक घरी नेता येतं का?"

तिसरं वर्ष होतं त्याचं.

हा लेख लिहितोय असं ताईला फोनवर सांगितलं. ६१ आणि ७१ चा किस्सा तिला अर्थात पाठ आहे. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि पेन्सिलीचं लिहिलंस का?"

ते मी कधीच कुणाला सांगत नाही. छापखान्यात जुळवताना किंवा प्रूफ वाचताना शंका आली तर कुणी परस्पर दुरुस्ती करत नसे, पण समासात पेन्सिलीनं एक बारीक प्रश्नचिन्ह काढून ठेवायची रीत होती. प्रूफ लेखकाकडे गेलं की त्यानं बघावं आणि ठरवावं. बाबांच्या कानावर त्यासाठीच कायम पेन्सिल असायची. त्या संध्याकाळी खिडकीपाशी उजेडात त्यांनी नुसती सही केली नव्हती. दुसऱ्या दिवशी ताईबरोबर शाळेत जाताना मी पेपर उघडला, तर लाल गोलाच्या शेजारी, अगदी फिक्या रेषेत, '७१?' लिहिलेलं होतं.

मी घाबरलो. पेपरवर घरी कुणी गिरगोटलंय असं सरांना वाटेल म्हणून. ताईकडे खोडरबर मागितला. तिनं दिला नाही. "राहू दे ते," म्हणाली, "बघू देत त्यांना."

वर्गात गेल्यावर मी तो पुढच्या बाकावरच्या मुलाकडून मागून घेतला.